कुंपणाची टकटक

माझ्या घराच्या मागच्या खोलीत एक वायरलेस संच आहे आणि त्याच्यासमोर रोज पहाटे मफलर गुंडाळून बसणारा एक निवृत्त माणूस आहे. तो मी. या सवयीने कुणाचं काही वाईट होत नाही, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. या हिवाळ्यापासून ते सांगताना माझी जीभ अडखळते.

सेनगावहून पुसेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव, आणि गावाच्या अगदी शेवटी आमचं घर. नोकरीत असतानाच मी हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि परवाना काढला. अंगणातल्या चिंचेपासून गच्चीवरच्या लोखंडी पाइपापर्यंत एक लांब तार बांधली आहे, ती माझी अँटेना. नवीन माणसाला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटते. मग एवढ्या उंचावर कपडे कोण घालतं, असा प्रश्न त्याला पडतो आणि तो माझ्याकडे जरा काळजीने बघतो.

पहाटे मी बोलतो ते कोल्हापूरच्या पलीकडे घाटमाथ्यावर राहणाऱ्या एका माणसाशी. आम्ही एकमेकांना आयुष्यात दोनदा भेटलो असू. हौशी रेडिओवाले वय काहीही असलं तरी एकमेकांना ‘ओल्ड मॅन’ म्हणतात, आणि आम्ही दोघं तर आता खरोखरच झालो आहोत. त्याचे कान गेलेले. मोबाईलवर त्याला माझं एक अक्षर कळत नाही, पण मोठे हेडफोन चढवून आवाज पूर्ण वाढवला की रेडिओवर माझं बोलणं समजतं. बायको गेल्यापासून त्याच्याशी दिवसभरात फार कुणी बोलत नाही. मी बोलतो. काय बोलतो, तर थंडी किती आहे, भाजी कुठली केली, गुडघा कसा आहे. असल्या गप्पांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं माझी बायको विचारते. उत्तर द्यायला गेलो की माझंच मला खुळ्यासारखं वाटतं.

आम्ही बोलतो ऐंशी मीटरच्या पट्ट्यावर. हा खालच्या बाजूचा, कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा. अंधारात तो लांबवर जातो, ऊन चढलं की त्याचा दम संपतो. कागदावर तो आमच्यासारख्या हौशी लोकांनाही दिलेला आहे. पण हवेत कुंपण घालता येत नाही. आजूबाजूला मोठमोठे व्यापारी ट्रान्समीटर असतात, कुणाचे कुठल्या देशातले देव जाणे. त्यांची ताकद म्हणजे गावजेवणाची कढई आणि आमची म्हणजे दोन कप चहाचं पातेलं. ती कढई उतू गेली की आमच्या पट्ट्यात सांडते. तक्रार करता येते. मी केलेल्या आहेत. त्या तक्रारी कुठे जातात आणि तिथे त्यांचं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

दिवाळी झाली आणि पट्ट्यावर टकटक सुरू झाली. कुणीतरी बोटाच्या पेराने दार वाजवत राहावं तशी, एकसारखी, न थकता. माझ्या मित्राचा आवाज आधीच बारीक. त्याच्या प्रत्येक शब्दावर ही टिचकी पडायची. त्याला विचारलं तर म्हणाला, “माझ्याकडे तर स्वच्छ आहे. तुमच्याच घरातलं काहीतरी असेल.”

आमच्यात एक शिस्त आहे. लांबच्या ट्रान्समीटरला शिव्या घालण्याआधी आपलं घर झाडून बघायचं. मेन स्विच बंद करायचा, संच बॅटरीवर चालवायचा आणि आवाज जातो का ते ऐकायचं. मी ते केलं. फ्रीज बंद पडला तशी बायको दारात येऊन उभी राहिली. “दूध नासलं तर काय करू? तुमच्या मित्राला पाजू का?” आवाज काही गेला नाही. घर झाडून झालं, मग शेजार. मी जुना ट्रान्झिस्टर काढला, तो कानाला लावला आणि कंपाउंडच्या भिंतीकडेने चालू लागलो. मागच्या कोपऱ्यात आलो आणि ट्रान्झिस्टर बोलायला लागला. टक, टक, टक.

भिंतीपलीकडे आमच्या शेजारणीचा हरभरा होता. कोपऱ्यातल्या खांबावर तिचं झटका मशीन बसवलेलं आहे. वर सोलरचा पत्रा, खाली बॅटरी, आणि तिथून शेताभोवती फिरवलेली तार. तारेला जनावराचं अंग लागलं की झटका बसतो, ते मरत नाही, पण परत येत नाही. आमच्याकडे रोही फार. नीलगायींचा कळप एकदा हरभऱ्यात शिरला की सकाळपर्यंत जमीन दिसायला लागते. त्यामुळे हल्ली शेतोशेत ही मशीनं टकटकत असतात.

चोर सापडला म्हणून मला इतका आनंद झाला, की मी एक साधी गोष्ट पाहिली नाही. माझा ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हचा. त्यावर ऐंशी मीटर लागतच नाही. आणि कुठलंही झटका मशीन हातभर अंतरावरून मिडियम वेव्हवर टकटकणारच. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं, दुसऱ्यांना सांगण्यात माझी उमर गेली. पण खरं सांगायचं तर मला ती टकटक जवळचीच हवी होती. परदेशातल्या ट्रान्समीटरच्या मालकाला मी काय सांगणार? शेजारणीला सांगता येतं.

ती तांड्यावरची. नवरा सेनगाव-हिंगोली जीप चालवतो आणि अंधार असतानाच घर सोडतो, त्यामुळे शेत तिच्याच अंगावर. माझी बायको एकदा दवाखान्यात होती तेव्हा या शेजारणीने महिनाभर मला भाकरी आणून दिली आणि त्या वर्षीपासून ती मला राखी बांधते. मी तिला ताई म्हणतो, ती मला दादा म्हणते. मी गेलो तेव्हा ती हरभऱ्याचे शेंडे खुडत होती.

“या की दादा. भाजीला नेता का?”

मी भाजी घेतली आणि मग विषय काढला. ठिणग्या, लहरी, अँटेना, सगळं साहेबी थाटात सांगितलं. अर्धं तिला कळलं नसेल, पण माझ्या आवाजात शंका नव्हती, आणि तेवढं माणसाला पुरतं.

“म्हंजी आमच्या मशीनपायी तुमाला बोलता येईना?”

“तसंच काहीसं.”

“मग आधी काहून न्हाई सांगितलं? इतके दिस गुमान तकलीफ सोसून राहिले.” ती खरोखर खजील झाली. “अंधारात बंद करता येणार न्हाई बघा, रोही येतात. तांबडं फुटलं का बंद करते. तुमचं बोलणं झालं, दिवस वर आला, का पुन्हा लावते. चालतंय का?”

मी म्हणालो, चालतंय. आणि उगीच विचारल्यासारखं विचारलं, “उजाडताना रोही येत नाहीत ना?”

“जनावर हाय, येतंय न्हाई येत. मी बघते की.”

ती कसं बघणार, हे मी विचारलं नाही.

मी मित्राला सांगून बोलायची वेळ पुढे ढकलली. आधी आम्ही अंधारात बसायचो आणि उजाडता उजाडता उठायचो. आता उजाडल्यावर बसू लागलो. पहिल्याच सकाळी पट्टा स्वच्छ. टकटकीचा मागमूस नाही. मित्र घाटातल्या धुक्याबद्दल बोलत होता आणि मला त्याच्या श्वासापर्यंत सगळं ऐकू येत होतं. मी बायकोला हाक मारून ते शांतपण ऐकवलं. “काय ऐकू?” ती म्हणाली. “काहीच नाही ना, तेच ऐक,” मी म्हणालो.

फक्त एक त्रास नवीन सुरू झाला. ऐन बोलण्याच्या वेळेला मागे कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायचं. मधून हाळी द्यायचं. माझ्या माइकमध्ये ते जायचं. मी खिडकी लावून घेतली आणि फटीत जुनी चादर कोंबली. एक दिवस चहा घेताना मी चिडून म्हणालो, “हे सकाळी सकाळी डबा कोण बडवतं? काही रीतभात आहे की नाही?”

बायकोने कप खाली ठेवला. “तुम्हाला खरंच माहीत नाही? ताई आहे ती. मशीन बंद करून बांधावर उभी राहते. तुमचं बोलणं होईपर्यंत.”

मी उठून खिडकीतली चादर काढली. धुकं होतं. हरभऱ्याच्या कडेला ती डोक्यावरून घोंगडी घेऊन उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात काठी. मध्येच डबा काखेत धरून हातांवर फुंकर मारत होती. मला शरम वाटली. नुसती वाटून थांबली, हेच माझं चुकलं. त्याच दिवशी जाऊन सांगायला हवं होतं, की ताई, मशीन चालू ठेवा, माझ्या गप्पा गेल्या खड्ड्यात. पण त्या सकाळी मित्राने सांगितलं होतं, की या आठवड्यात तो माझ्याशिवाय कुणाशीच बोललेला नाही. मी मनाला म्हणालो, थोडे दिवस जाऊ देत, थंडी ओसरली की सांगू. आपल्या सोयीला दुसऱ्याच्या एकटेपणाचं नाव दिलं की ती केवढी सोज्वळ दिसते.

हरभऱ्याचे घाटे भरले तेव्हा ताईला ताप आला. नवरा जीपवर गेलेला. ती तशाच अंगाने आली, रोजच्यासारखं मशीन बंद केलं आणि घरी जाऊन पडली. आपण आज उभं राहू शकत नाही तर मशीन चालू ठेवावं, हे तिच्या मनात आलं नाही. दादाला शब्द दिला होता. मी त्या दिवशी मित्राशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोललो, कारण डबा वाजत नव्हता.

रोह्यांनी माझ्या भिंतीलगतचा सगळा कोपरा खाऊन टाकला. बाकीचं शेत वाचलं ते रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी दगड मारले म्हणून. मी धावत गेलो तेव्हा ती शाल घेऊन बांधावर बसली होती आणि तुडवलेल्या झाडांकडे बघत होती. यंदाचा हरभरा तिने बियाण्यासाठी राखायचा ठरवला होता आणि कोपऱ्यातला भाग सगळ्यात चांगला आला होता. मला तोंड वर करवेना.

“ताई, माझ्यामुळे झालं.”

“तुमच्यामुळं कसं दादा? मला ताप आला. जनावराला काय कळतंय.”

“आजपासून मशीन बंद करायचं नाही. माझं मी बघतो.”

“मग तुमचं बोलणं?”

“नाही झालं तर नाही झालं,” मी म्हणालो. हे म्हणताना मला मी फार मोठा त्याग करतोय असं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

मशीन आता चालूच राहणार, मग वेळ तरी जुनी का नको, म्हणून मी पुन्हा अंधारात संचासमोर बसायला लागलो. टकटक होतीच. मला वाटलं, आहे ताईचं मशीन, सोसलं पाहिजे. प्रायश्चित्त घेतल्यासारखा मी ती ऐकत राहिलो. बायकोला म्हणालो देखील, की बघ, तिच्यासाठी मी एवढं सहन करतो.

काही दिवसांनी अशाच एका सकाळी, खिडकीबाहेर जेमतेम उजेड आला असताना, मागच्या दाराची कडी वाजली. ताई होती. ताप गेला होता, चेहरा उतरलेला होता, पण हसत होती. संध्याकाळी शेतात हुळा करणार होती. ओला हरभरा झाडासकट आगीवर भाजायचा आणि तिथेच बसून सोलून खायचा, हे आमच्याकडचं या दिवसांतलं मोठं सुख. उरलेल्या हरभऱ्यातला पहिला हुळा दादा-वहिनींना द्यायचा म्हणून ती बोलवायला आली होती. बायकोने तिला आत घेतलं. माझा संच तिने कधी पाहिला नव्हता. दाराशीच उभी राहून तिने कान दिला.

“हे टकटक करून राहिलं, हेच का ते?”

“हेच.”

“लई जोरात हाय की.” ती कसनुशी झाली. “इतकी तकलीफ सोसून राहिले तुमी आमच्यापायी. तांड्यावर सगळ्यांना सांगितलं म्या, आमच्या दादानं मशीन चालू ठेवायला लावलं म्हणून.”

तेवढ्यात मित्राचा आवाज आला. नेहमीपेक्षा उत्साहात. लेकीने त्याला कानाचं मशीन आणून दिलं होतं आणि आज पहिल्यांदा तो हेडफोनऐवजी उघड्या स्पीकरवर ऐकत होता. चमच्याचा आवाज कसा असतो तेच मी विसरलो होतो, असं काहीबाही सांगत होता. मग म्हणाला, “आणि अहो ओल्ड मॅन, तुमची ती टकटक माझ्याकडेपण आहे की! चांगली खणखणीत. इतके दिवस असणारच, या बहिऱ्याला ऐकू येत नव्हती.”

मी माइक खाली ठेवला.

“हे भाऊ कुठून बोलून राहिले?” ताईने बायकोला विचारलं.

“कोल्हापूरकडून. तिकडे डोंगरात.”

ताईने तोंडावर हात ठेवला. “बाई गं. इतक्या लांब जातंय आमचं मशीन? त्या भाऊला बी तकलीफ?” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, म्या आत्ता जाऊन बंद करते. त्यांना सांगा, मला ठाऊक न्हवतं म्हणावं.”

ती खरंच निघाली. मी म्हणालो, “थांबा ताई.” बाहेर तांबडं फुटत होतं. तिला थांबवून मी काय सांगणार होतो ते मलाच माहीत नव्हतं, पण सांगायची गरज पडली नाही. उजेड वाढत गेला तशी स्पीकरमधली टकटक मंद होत गेली. सूर्य वर आला की लांबचे ट्रान्समीटर ऐंशी मीटरवर विरून जातात, हा या पट्ट्याचा पहिला धडा आहे. जरा वेळाने स्पीकरमध्ये एकट्या मित्राचा आवाज राहिला, स्वच्छ. आणि उघड्या दारातून, कोपऱ्यातल्या खांबावरून, तिच्या मशीनची टकटक निवांत चालू होती.

तिलाही ती ऐकू आली. तिने एकदा संचाकडे बघितलं, एकदा बाहेर.

“आमचं तर चालू हाय,” ती म्हणाली.

“हो. ते तुमचं नव्हतंच, ताई. हे कुठल्या तरी लांबच्या देशातलं आहे. मोठ्या व्यापारी ट्रान्समीटरचं. दिवस उगवला की आपोआप जातं. तुम्ही मशीन बंद केलं आणि मी त्याच दिवशी वेळ बदलली, म्हणून मला वाटलं तुमच्यामुळे गेलं.” कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं मी म्हणणार होतो. ते तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. फांदी तिच्या शेतातली होती.

“म्हंजी तवा बी गेलं असतं? मशीन चालू असलं तरी?”

“गेलं असतं.”

“मग मी तिथं...” एवढंच बोलून ती थांबली. तिकडे मित्र विचारत होता, की ओल्ड मॅन, ऐकताय ना, कुठे गेलात. मी संच बंद केला. तिने पदर नीट केला आणि माझ्या बायकोला म्हणाली, “वहिनी, सांच्याला या. वाट बघते.” उंबऱ्यावरून मागे न बघता म्हणाली, “साहेबांना बी घेऊन या.”

ती गेली. चहाचे कप उचलताना बायको म्हणाली, “चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. आणि संन्याशीण बिचारी दोर पण स्वतःच घेऊन आली.”

संध्याकाळी मी जाणार नव्हतो, बायकोने ओढून नेलं. शेतात जाळ पेटलेला होता, आजूबाजूला तांड्यावरची आठ-दहा माणसं. जाळ नेमका माझ्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात केला होता. तिथे आता झाडं नव्हती, बसायला मोकळी जागा होती. तिच्या नवऱ्याने माझ्यासाठी पोतं अंथरलं आणि कौतुकाने दुसऱ्याला सांगायला लागला, की या साहेबांनी आपली तकलीफ सोसून आमचं कुंपण चालू ठेवलं. ताईने त्याला सांगितलं नव्हतं. ती जाळ सारखा करत होती आणि तिने मान वर केली नाही. मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं, जेवढं सोपं करून सांगता आलं तेवढं. नवरा “असं व्हय” म्हणाला आणि काटकी मोडत बसला. खांबावरचं मशीन तेवढं टकटकत होतं.

ती काठीने भाजलेले घाटे बाजूला ओढत होती. पहिली ओंजळ तिने माझ्या बायकोला दिली. दुसरी माझ्यासमोर धरली.

“घ्या साहेब. गरम हायेत.”

रोह्यांनी हा कोपरा खाल्ला त्या सकाळीही मी तिचा दादाच होतो. मी दोन्ही हात पुढे केले आणि घाटे घेतले.